घेण्याचा धर्म

देण्याविषयी आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील, याची गणती आम्हांलाही करता येणार नाही. उपवासकाळ आला की दानाचे महत्त्व सांगायचे, नाताळ जवळ आला की गरिबांची आठवण करून द्यायची, आणि मंदिरात दोन दमड्या टाकणारी विधवा तर प्रत्येक धर्मगुरूच्या मदतीला वर्षातून एकदा तरी धावून येते. सेमिनरीतील प्रदीर्घ अभ्यासक्रमात दानधर्माची तात्त्विक बैठक आम्ही शिकलो, त्यावर परीक्षाही दिल्या. परंतु घ्यावे कसे, कोणाकडून घ्यावे आणि घेताना आपले मन कसे असावे, हा विषय ना आमच्या अभ्यासात आला, ना आमच्या प्रवचनात. घेणे ही जणू आपोआप जमणारी गोष्ट आहे असे आम्ही गृहीत धरले होते. ते किती चुकीचे होते हे आम्हांला २०१९ साली फिलिपिन्स देशात, समुद्रकाठच्या एका साध्या खानावळीत, एका वृद्ध दांपत्यासमोर बसून कळले.

प्रश्न वरवर पाहता लहान आहे. ज्याची परिस्थिती बेताची आहे, आपल्यासाठी खर्च करणे ज्याला परवडणारे नाही हे आपल्याला स्पष्ट दिसते आहे, त्याने प्रेमाने वाढलेले ताट स्वीकारावे की हळूच नाकारावे? कोणीही सहृदय मनुष्य म्हणेल, गरिबावर भार टाकू नये. आम्हीही तेच म्हटले असते. प्रत्यक्षात आम्ही तसे वागलोही. आणि तिथेच आमची चूक झाली.

घडले ते असे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मालवाहू जहाजावर नोकरीस होता. भर समुद्रात त्याला ताप भरला. बंदर कित्येक दिवसांच्या अंतरावर. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका फिलिपिनो खलाशाने आपली पाळी संपल्यावर रात्री-रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या. आले घातलेली तांदळाची पेज, ज्याला ते लोक ‘लुगाव’ म्हणतात, तो स्वतः रांधून त्याला चमच्याने भरवीत असे. मुलगा बरा होऊन घरी आला. पुढे एका पाळकीय अभ्यासक्रमासाठी आम्ही मनिलास निघालो आहोत असे कळताच त्याची आई मिशन-हाऊसवर आली. केळीच्या पानात बांधलेली सुकेळी तिच्या हातात होती. ‘‘फादर, त्या मुलाच्या आईबापांना एवढं पोचवा. आमच्याकडं दुसरं काय आहे द्यायला?’’ ती म्हणाली.

तो खलाशी पनाय बेटावरील इलोइलो शहराजवळचा. आमच्या अभ्यासक्रमातील एक सहाध्यायी धर्मगुरू त्याच भागातले असल्याने योग जुळून आला. दरवर्षी २ फेब्रुवारीला इलोइलोच्या हारो या भागात कान्देलारिया मातेचा, म्हणजे मेणबत्तीधारी पवित्र मरियेचा, मोठा सण भरतो. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे जाऊन त्या मूर्तीला स्वहस्ते मुकुट अर्पण केला होता. त्या सणासाठी आम्ही दोघे गेलो, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी सुकेळी घेऊन त्या खलाशाच्या आईवडिलांना भेटलो.

वडील पूर्वी मासेमारी करीत. गुडघे साथ देईनासे झाल्यावर होडी विकली आणि आता तीनचाकी प्रवासी गाडी चालवतात. तीही भाड्याची. आई घराच्या पुढल्या दारी केळी आणि रताळी तळून विकते. तेथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘ताताय’ आणि स्त्रीला ‘नानाय’ म्हणण्याची रीत आहे, तेव्हा आम्हीही त्यांना तसेच म्हणू लागलो. सुकेळी पाहून नानायच्या डोळ्यांत पाणी आले. तिने त्यांतले एक तिथेच सोडून चाखले आणि उरलेली येशूबाळाच्या मूर्तीपुढे नेऊन ठेवली. ताताय म्हणाले, ‘‘पाद्रे, आज तुम्ही आमच्याबरोबर जेवायचे. मुलाचा जहाजावरून निरोप आहे.’’

घर दोन खोल्यांचे होते. पाहुण्या धर्मगुरूला तिथे बसवणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. त्यांनी आम्हांला व्हिला अरेवालोच्या किनाऱ्यावर नेले. समुद्राला लागून तिथे बांबूच्या आणि ताडासारख्या पानांनी शाकारलेल्या कितीतरी खानावळी आहेत. खाली वाळू, वर पानांचे छप्पर, भिंती नाहीत. समोर खाडीसारखी अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे गिमारास बेटाची हिरवी रेघ. दोन्ही बाजूंना बांबूचे पंख लावलेल्या लांबट होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. आमच्या अर्नाळ्याच्या वा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उभे आहोत असेच क्षणभर वाटले. निखाऱ्यावर मासळी भाजली जात होती आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर आमच्या मेजापर्यंत येत होता.

त्या जेवणाचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. आधी उकडलेली कालवे आली. ती मिरची, लसूण, आले घालून मुरवलेल्या नारळीच्या शिरक्यात बुडवून खायची. मग ‘बांगूस’ नावाचा पांढऱ्याशुभ्र मांसाचा मासा, पोटात टोमॅटो आणि कांदा भरून केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला. मग गवती चहा भरून भाजलेली गावठी कोंबडी. शेवटी एका खोलगट भांड्यात काळसर रंगाचा रस्सा आला. त्यात तुरीचे दाणे, डुकराचे मांस आणि कच्चा फणस. रश्शाला एक ओळखीची आंबट चव होती, पण ती चिंचेची नव्हती. विचारता कळले की ते ‘बातवान’ नावाचे फळ. आम्हांला त्यांनी एक हिरवे फळ आणून दाखवले. बातवान हे आपल्या कोकमाच्याच कुळातले झाड आहे. हजारो मैलांवर तूर, फणस आणि कोकमाचा भाऊ एकाच भांड्यात भेटले! इलोइलोच्या या पाकपरंपरेची युनेस्कोनेही २०२३ साली दखल घेतली आणि त्या शहराला पाककलेचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला.

आम्ही सवयीने, म्हणजे परदेशात सभ्य दिसण्याच्या सवयीने, काटा-चमचा हाती घेतला. ताताय हात धुऊन आले आणि हसून म्हणाले, ‘‘पाद्रे, हाताने.’’ त्यांच्या भाषेत जेवणाऱ्याने दुसऱ्याला बोलावण्याचा एक शब्द आहे: ‘काओन ता.’ चला, जेवू या. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही दारात जेवत बसलेला मनुष्य असे म्हणतो. आमच्या लहानपणी ओट्यावर जेवत बसलेली माणसे वाटेवरच्याला ‘या जेवायला’ म्हणत, त्याची आठवण झाली. आम्ही चमचा खाली ठेवला.

जेवता जेवता मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ताताय आणि नानाय फार थोडे खात होती. कालवे आमच्याकडे सरकवली जात होती. कोंबडीचे चांगले तुकडे आमच्या आणि आमच्या सहाध्यायी धर्मगुरूंच्या ताटात येत होते. नानाय भातावर नुसता रस्सा घेत होती. आमचे मन हिशेब करू लागले. भाड्याच्या गाडीवर हा म्हातारा दिवसाला किती कमावत असेल? या मेजावर त्याच्या किती दिवसांची मिळकत मांडलेली आहे? घास घशात अडकू लागला. शेवटी हात धुण्याचे निमित्त करून आम्ही उठलो, गल्ल्याशी गेलो आणि सगळे बिल चुकते करून परत येऊन बसलो. आपण एक चांगले काम गुपचूप केले, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू दिले नाही, असे समाधानही आम्हांला वाटले.

ताताय यांनी बिल मागवले तेव्हा वाढणाऱ्या मुलाने सहज सांगितले, ‘‘पाद्रेंनी दिले.’’

कोणी काही बोलले नाही. नानाय समुद्राकडे पाहू लागली. ताताय यांचा चेहरा आम्ही अजून विसरलो नाही. त्यावर राग नव्हता. भर सभेत कोणी आपल्याला खाली बसायला सांगावे तसा तो चेहरा झाला होता. मग ते सावकाश म्हणाले, ‘‘पाद्रे, आम्ही तुम्हांला जेवायला बोलावले होते. आता तुम्हीच आम्हांला जेवायला घातले. मुलाला मी काय सांगू?’’ त्यांनी खिशातून एक पाकीट काढले, नोटा मोजल्या आणि आमच्या ताटाशेजारी ठेवल्या.

त्या नोटा उचलून आपल्या खिशात घालणे हे आमच्या आयुष्यातील कठीण कामांपैकी एक होते. आम्ही ते केले, कारण समोर बसलेल्या आमच्या सहाध्यायींनी डोळ्यांनी तसे सुचवले. मेजावर बांगूसच्या पोटाकडचा एक तुकडा उरला होता. त्या देशात ताटातला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. संकोचामुळे तो तसाच राहतो. ताताय यांनी तो उचलला, त्यातले बारीक काटे एकेक करून काढले आणि आपल्या हाताने आमच्या ताटात ठेवला. ‘‘काओन ता,’’ ते म्हणाले. आम्ही तो खाल्ला.

परतीच्या वाटेवर आमचे सहाध्यायी एवढेच म्हणाले, ‘‘त्यांच्याजवळ तुम्हांला देण्यासारखे आजचे एक जेवण होते. तेवढेही तुम्ही त्यांना देऊ देत नव्हता.’’

त्या रात्री आम्ही स्वतःला विचारले, बिल आम्ही नेमके कशासाठी दिले? दया म्हणून, हे खरे. पण तेवढेच खरे नाही. ज्याला आपण मदत करायची अशा माणसाच्या उपकाराखाली आपण आलो, याची एक अस्वस्थता आम्हांला त्या मेजावर जाणवत होती, आणि पैसे देताच ती नाहीशी झाली होती. याचा अर्थ आम्ही त्यांचा भार उतरवला त्याहून अधिक स्वतःचा भार उतरवला. सेमिनरीत वाचलेला अ‍ॅरिस्टॉटल आठवला. आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात त्याने थोर मनाच्या माणसाचे चित्र काढले आहे. हा माणूस इतरांवर उपकार करतो, परंतु इतरांचे उपकार घेण्याची त्याला लाज वाटते, कारण देणे हे वरिष्ठाचे लक्षण आणि घेणे हे कनिष्ठाचे. घ्यावेच लागले तर तो अधिक मोठी परतफेड करतो, म्हणजे मूळचा दाता उलट त्याचाच ऋणी होतो. विद्यार्थीदशेत हे चित्र वाचताना आम्हांला ते थोडे गर्विष्ठ वाटले होते. झगा घातलेल्या अवस्थेत आम्हीही तसेच आहोत, हे ओळखायला आम्हांला इलोइलोपर्यंत जावे लागले.

संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र अ‍ॅरिस्टॉटलपाशी न थांबता कृतज्ञतेचा स्वतंत्र विचार केला. त्यांच्या ‘सुम्मा’ ग्रंथात एक साधा प्रश्न आहे: उपकाराची फेड ताबडतोब करावी का? त्यांचे उत्तर असे की, उपकारामागील प्रेमाला आपल्या मनाने त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा. वस्तूची परतफेड मात्र योग्य वेळ येईपर्यंत थांबावी. सेनेकाचा दाखला देऊन ते दाखवतात की, जो फेडण्याची अतिघाई करतो तो मनाविरुद्ध ऋणी असतो, आणि जो मनाविरुद्ध ऋणी असतो तो कृतघ्न होय. पुढे ते असेही म्हणतात की, फेड करताना वस्तूच्या किमतीपेक्षा देणाऱ्याच्या अंतःकरणाकडे पाहावे. आम्ही नेमके उलटे केले होते. अंतःकरण बाजूस ठेवून किंमत पाहिली, आणि तीही इतक्या घाईने फेडली की भाताची वाफही निवली नव्हती.

फिलिपिनो लोकांपाशी या ऋणासाठी एक शब्द आहे, ‘उतांग ना लोओब’. ‘लोओब’ म्हणजे आत, अंतर्याम. तेव्हा या शब्दाचा सरळ अर्थ ‘आतले ऋण’. पाश्चात्त्य धाटणीच्या काही अभ्यासकांनी याचे वर्णन एक प्रकारचा देवाणघेवाणीचा करार असे केले. व्हिर्जिलियो एन्रिकेझ या फिलिपिनो मानसशास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली आणि हे ऋण माणसाला माणसाशी जोडणारे आहे, सावकारी वहीतले नाही, असे आग्रहाने मांडले. मराठी माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. आपल्याकडे ‘ऋणानुबंध’ हा शब्द किती प्रेमाने वापरला जातो! बंध आहे तो ऋणामुळे आहे, आणि ऋण फिटले तर बंधही सुटेल, असे या शब्दातच अभिप्रेत आहे. लग्नसमारंभात आणि सत्कारसभेत आपले वक्ते ‘आभार न मानता आपल्या ऋणात राहणे पसंत करतो’ असे नेहमी म्हणतात. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ऐकताना आपण हसतो. पण ते खरोखर पाळायचे ठरवले तर किती कठीण आहे!

आणखी एक गोष्ट त्या भाषेने आम्हांला शिकवली. ‘काओन ता’ मधील ‘ता’ म्हणजे आपण. बोलणारा आणि ऐकणारा दोघांना कवेत घेणारा ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळणाऱ्या ‘आम्ही’साठी त्यांच्याकडे ‘कामी’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत हा भेद नाही. मराठीत तो आहे. ताताय यांनी इंग्रजीत बोलताना जे सांगितले त्याचे भाषांतर करताना आम्ही वर ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ हे शब्द वापरले, ते विचारपूर्वक. जेवणाला बसलो तेव्हा मेजावर ‘आपण’ होतो. बिल दिल्याबरोबर एका बाजूला ‘आम्ही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘तुम्ही’ उरले. धर्मगुरूच्या तोंडी ‘आम्ही’ हा शब्द फार असतो. या लेखातही तो आहेच.

आता शुभवर्तमानाकडे वळू. प्रभू येशू देणारा आहे, हे आपण बालपणापासून शिकतो. तो किती वेळा घेणारा आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. शोमरोनी स्त्रीकडे तो पाणी मागतो. जक्कयच्या घरी तो स्वतःहून जाऊन उतरतो. मार्था आणि मरिया यांच्या घरी जेवतो. बेथानीत बहुमोल सुगंधी तेल त्याच्यावर ओतले जाते, तेव्हा हे विकून गरिबांना देता आले असते असा हिशेब शिष्य मांडतात, आणि प्रभू त्या स्त्रीची बाजू घेतो. त्या हिशेबी शिष्यांच्या पंक्तीत त्या दिवशी इलोइलोच्या किनाऱ्यावर आम्ही बसलो होतो. पाय धुण्याच्या प्रसंगी पेत्राने पाय मागे घेतले. त्याला ती नम्रता वाटली. प्रभूने त्याला स्पष्ट सांगितले की, घेतले नाहीस तर माझ्याशी तुझा संबंध उरणार नाही.

आणि पुनरुत्थानानंतरचा तिबिर्या सरोवराचा किनारा तर त्या दुपारनंतर आम्हांला अगदी नव्याने दिसू लागला. पहाटेची वेळ, रात्रभर श्रमलेले कोळी, वाळूवर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकरी. प्रभूने न्याहारी तयार ठेवली होती. तरीही, योहान सांगतो, तो शिष्यांना म्हणतो की तुम्ही आता धरलेल्या मासळीतून काही आणा. त्याला कमी काय होते? विस्तवावर मासळी होतीच. तरी त्याने त्यांचीही मागितली. आपल्याच कृपेने मिळालेली मासळी त्याने त्यांची म्हणून मागितली आणि मगच त्यांना जेवायला बोलावले. देण्याचे सर्व सामर्थ्य ज्याच्या हाती आहे तोही घेण्याचे सोडत नाही, कारण ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही त्याला आपण आपल्या पंगतीत खऱ्या अर्थाने बसवलेलेच नसते. मिस्साबलिदानातही हेच घडते. भाकर आणि द्राक्षारस आपण वेदीवर नेतो. ज्याने गहू उगवला त्याला आपल्या हातची भाकर हवी असते.

येथपर्यंत वाचून एखादा वाचक रागाने म्हणेल, ‘‘वा! म्हणजे धर्मगुरूंनी गरिबांकडे जेवत सुटावे आणि त्याला अध्यात्म म्हणावे!’’ हा आक्षेप खोटा नाही. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभूने जे कठोर शब्द काढले ते धर्मगुरूंनी इतर कोणाच्याही आधी स्वतःला लावून पाहावेत. फिलिपिन्समध्येच सणाच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालण्यासाठी कर्ज काढणारी कुटुंबे आहेत. आपल्याकडे लग्नाच्या आणि सणाच्या जेवणावळींनी वाकलेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. ‘आतल्या ऋणा’चा उपयोग तिथले राजकारणी मते मिळवण्यासाठी करतात, आणि तो दोष फक्त त्या देशाचा नाही. तेव्हा घेणे नेहमीच पुण्याचे, असे म्हणता येत नाही. मग फरक कुठे करायचा?

संत पौलाचे वागणे येथे मार्गदर्शक आहे. करिंथमध्ये त्याने आपला चरितार्थ मंडळीवर टाकला नाही. घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे सांगूनही तो सोडला. फिलिप्पैकरांची देणगी मात्र त्याने आनंदाने स्वीकारली आणि पत्रात तिचे कौतुक केले. एकच प्रेषित एका ठिकाणी घेत नाही, दुसऱ्या ठिकाणी घेतो. आम्हांला यातून काही कसोट्या दिसतात. जे आपण हक्क म्हणून मागतो, अपेक्षा म्हणून सुचवतो किंवा जे न दिल्यास देणाऱ्याला कमीपणा येईल अशी व्यवस्था आपण करून ठेवतो, ते घेणे म्हणजे लूट. चर्चच्या सणाला कोणी किती दिले याची यादी वाचून दाखवणे याच वर्गातले. परंतु जे आपण न मागता, देणाऱ्याने स्वतःच्या मनाने आणि स्वतःचा मान राखण्यासाठी दिलेले आहे, ते नाकारणे हाही एक अन्याय आहे. पहिल्यात आपण गरिबाचे धन हिरावतो. दुसऱ्यात त्याची दाता होण्याची योग्यता हिरावतो.

तरीही कसोटी इथे पुरी होत नाही. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते. ते खाऊन मुलासह मरायचे, एवढाच तिचा बेत होता. एलिया संदेष्ट्याने तिच्याकडे आधी स्वतःसाठी भाकर मागितली. हा प्रसंग आम्हांला तरुणपणी क्रूर वाटे. आता लक्षात येते की, एलिया भाकर खाऊन निघून गेला नाही. तो त्या घरात राहिला, त्यांच्याबरोबर तेच पीठ खाल्ले, आणि तिचा मुलगा गेला तेव्हा त्याला उराशी घेऊन देवाशी भांडला. घेणाऱ्याने घेतल्यानंतर त्या घराच्या सुखदुःखात राहायला हवे. जेवून हात पुसून निघून जायचे असेल तर मग बिल देऊन टाकलेलेच बरे. निदान तो व्यवहार तरी प्रामाणिक असतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस १८ जानेवारी २०१५ रोजी मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात तरुणांशी बोलले होते. लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून त्यांनी त्या मुलांना सांगितले की, तुम्ही गरिबांना देता हे चांगले, पण एका गोष्टीची तुमच्यात उणीव आहे: याचक व्हायला शिका, ज्यांना देता त्यांच्याकडून घ्यायलाही शिका. अभ्यासक्रमाच्या वेळी हे भाषण आम्ही वाचले होते, त्यावर वहीत टिपणही केले होते. इलोइलोला जाण्यापूर्वीची ती गोष्ट. टिपण वहीतच राहिले होते.

निघताना नानायने आमच्या हाती एक पुडके दिले. गिमारासचे आंबे प्रसिद्ध आहेत. त्या आंब्यांच्या सुकवलेल्या फोडी त्यात होत्या, त्या मुलाच्या आईसाठी. या वेळी आम्ही पाकिटाला हात लावला नाही. घरी आल्यावर पुडके तिला नेऊन दिले. तिने एक फोड तोंडात टाकली, उरलेल्या शेजारच्या घरांत वाटण्यासाठी वेगळ्या काढल्या आणि म्हणाली, ‘‘फादर, त्यांनी माझ्या मुलाला वाचवलं, वर हे पाठवलं. आता हे फेडायचं कसं?’’

आम्ही म्हणालो, ‘‘फेडू नका, बाई.’’ तिला ते पटले नसावे. पुढल्या हंगामात तिने पुन्हा सुकेळी वाळत घातली आणि मुलाबरोबर जहाजावर पाठवली. आता ऋण कोणाचे कोणावर आहे, हे दोन्ही घरांना सांगता येणार नाही. तेच बरे आहे.

आम्ही स्वतः फार बदललो असा दावा करणार नाही. घरे आशीर्वादित करायला जातो तेव्हा एखाद्या चंद्रमौळी घरात म्हातारी घाईने अंडे उकडायला ठेवते, आणि ‘नको, आत्ताच खाऊन आलो’ हे जुने वाक्य अजूनही आमच्या ओठांवर येते. मग तो काटे काढलेला तुकडा आठवतो. आम्ही खुर्चीवर बसतो आणि अंडे उकडेपर्यंत थांबतो. तेवढ्या वेळात म्हातारी बोलते. तिचा मुलगा दोन वर्षांत घरी आलेला नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, छप्पर गळते, हे सारे आम्हांला त्या दहा मिनिटांत कळते. पूर्वी आशीर्वाद देऊन पाच मिनिटांत निघत असू, तेव्हा हे कधी कळले नव्हते.